मागे चालणारे प्रोग्राम बंद करण्याआधी

पत्राचा सारांश : तालुक्याच्या गावी राहून घरूनच हिशेब लिहिण्याचे आणि जीएसटीची रिटर्न भरण्याचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचा लॅपटॉप २०१९ मध्ये घेतलेला असून त्यात ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. गेल्या वर्षी दुकानदाराने त्यावर विंडोज ११ टाकून दिले. तेव्हापासून सकाळी लॅपटॉप सुरू केल्यावर तो कामाजोगा होईपर्यंत स्वयंपाकघरातली कामे उरकून होतात, टॅली (हिशेब लिहिण्याचा प्रोग्राम) आणि क्रोम एकत्र उघडले की तो हँग होतो आणि महिन्याच्या दहा-अकरा तारखेला, म्हणजे नेमक्या घाईच्या दिवसांत, हा त्रास वाढतो. भाच्याने टास्क मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला, तेव्हा १७० हून अधिक प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम आणि त्यांचे भाग) असल्याचे दिसले आणि ‘‘यातले जे ओळखीचे नाही ते बंद करत जा,’’ असे त्याने सांगितले. त्याप्रमाणे त्या रोज सकाळी एकेक नाव निवडून ‘एंड टास्क’ करू लागल्या. शिवाय संगणकाचा वेग वाढवतो असे म्हणणारा एक फुकटचा ‘बूस्टर’ही त्यांनी उतरवून घेतला. गेल्या २० तारखेला मात्र एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे संचालक डिजिटल सहीचे टोकन (यूएसबीला लावायचे साधन) घेऊन समोर बसलेले असताना जीएसटीच्या पोर्टलवर सहीच होईना, कारण सहीचा प्रोग्राम त्याच सकाळी ‘अनोळखी’ म्हणून बंद केला गेला होता. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट करा नाहीतर नवा घ्या. त्या विचारतात : नको असलेले हे सगळे प्रोग्राम कायमचे बंद कसे करायचे, की लॅपटॉपच बदलायचा?

ताई,

शेवटच्या तारखेला पक्षकार समोर बसलेला असताना यंत्राने दगा द्यावा, यासारखा मनस्ताप तुमच्या व्यवसायात दुसरा नसेल. तुमची नड खरी आहे आणि काहीतरी करायलाच हवे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु तुमचा प्रश्न ज्या गृहीतकावर उभा आहे ते मला आधी तपासून पाहावेसे वाटते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस फार दिसतात म्हणून लॅपटॉप मंद झाला आहे, आणि त्यांतली अनोळखी नावे म्हणजे नको असलेली नावे, असे तुम्ही आणि तुमचा भाचा धरून चालला आहात. या दोन्ही गोष्टी बहुतांशी खऱ्या नाहीत.

आधी त्या १७० च्या आकड्याबद्दल. विंडोजच्या स्वतःच्या लहानमोठ्या सेवा, म्हणजे छपाई, वायफाय, आवाज, घड्याळ जुळवणे इत्यादी, ‘सर्व्हिस होस्ट’ या नावाच्या प्रोसेसमध्ये चालतात. पूर्वी अशा अनेक सेवा एकाच प्रोसेसमध्ये एकत्र बसवलेल्या असत. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या एका आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ३.५ जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकांवर या सेवांना वेगवेगळे बसवायला सुरुवात केली, जेणेकरून एक सेवा कोलमडली तर तिच्याबरोबर इतर कोलमडू नयेत आणि कोणती सेवा किती खाते ते स्पष्ट दिसावे. म्हणून आजच्या कोणत्याही नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही शंभराच्या वर प्रोसेस दिसतात आणि त्यांतल्या बहुतेक शून्य टक्के प्रोसेसर वापरून नुसत्या वाट पाहत असतात. क्रोमचेही तसेच आहे; वेगवेगळ्या संकेतस्थळांचे टॅब आणि एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेली छोटी साधने) तो सुरक्षिततेसाठी स्वतंत्र प्रोसेसमध्ये ठेवतो, त्यामुळे एका क्रोमच्या नावावर पंधरा-वीस ओळी दिसणे अगदी नेहमीचे आहे. संख्या कमी करणे हे उद्दिष्ट ठेवले, तर मेहनत खूप होते आणि हाती काही लागत नाही.

मग पाहायचे काय? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तो लॅपटॉप व्यवस्थित चालत असताना उघडून उपयोग नाही; तो हँग होतो त्याच वेळी उघडायचा आणि सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क व नेटवर्क या चार रकान्यांपैकी कोणत्या रकान्याच्या डोक्यावरचा आकडा शंभराच्या जवळ गेला आहे ते पाहायचे. त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केले की सर्वाधिक वापर करणारा प्रोग्राम वर येतो. असे एकदाच पाहून निष्कर्ष काढू नका. आठवडाभर, जेव्हा जेव्हा अडते तेव्हा, रकाना आणि वरची दोन-तीन नावे वहीत लिहून ठेवा. कोणताही प्रोग्राम बंद न करता नुसती नोंद करायची आहे. (‘डिटेल्स’ या पानावर ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ नव्वद टक्के सीपीयू घेताना दिसली तर घाबरू नका. प्रोसेसर तेवढा रिकामा आहे, इतकाच त्याचा अर्थ.)

तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की सीपीयूचा आकडा वीस-तीस टक्क्यांत रेंगाळत असेल आणि डिस्कचा मात्र शंभरावर जाऊन थांबलेला असेल. याचे कारण तुमच्या लॅपटॉपच्या अंगात आहे. लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचणारे टोक त्या जागी सरकण्याचा वेळ वेगळा. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हे चालून जाते. पण लॅपटॉप सुरू होताना वीस प्रोग्राम एकाच वेळी हजारो लहान लहान तुकडे मागतात, तेव्हा ते टोक सारखे इकडून तिकडे धावत राहते आणि सेकंदाला शंभराच्या आसपास मागण्यादेखील त्याला जेमतेम पुऱ्या करता येतात. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे ती अशा मागण्या हजारोंनी पुऱ्या करते. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्कच्या नावाखाली ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ दिसतो. लॅपटॉप हँग झालेला असताना तो आकडा काही शे मिलिसेकंदांवर गेलेला दिसला, तर खोळंबा कुठे आहे ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

यात रॅमचीही भर पडते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान रॅमच ४ जीबी आहे. म्हणजे टॅली, क्रोममधले पोर्टल आणि एखादी एक्सेलची फाइल उघडण्याआधीच तुमचा लॅपटॉप काठावर उभा असतो. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवरच्या ‘पेज फाइल’मध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. तुमच्याकडे ती डिस्कच मुळात सावकाश चालणारी आहे. त्यामुळे तुटवडा असतो रॅमचा आणि आकडा फुगतो डिस्कचा, आणि पाहणाऱ्याला वाटते की मागे चालणारा कोणता तरी प्रोग्राम डिस्क खातो आहे.

तुम्ही उतरवलेला तो बूस्टर याच कारणाने काढून टाका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. असे प्रोग्राम चालू प्रोसेसकडून रॅम काढून घेतात, पडद्यावर ‘इतकी रॅम मोकळी केली’ असा आकडा दाखवतात, आणि पुढच्या क्षणी तुम्ही टॅलीच्या खिडकीकडे वळलात की तीच माहिती डिस्कवरून परत वाचावी लागते. शिवाय तो स्वतः लॅपटॉप सुरू होताना सुरू होतो आणि मागेच बसून राहतो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करण्याचे आश्वासन देणाऱ्या प्रोग्रामांनाही हात लावू नका; त्यांच्या वापराला पाठिंबा देत नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलेले आहे.

आता ‘एंड टास्क’विषयी. हे बटण अडकून पडलेला एखादा प्रोग्राम सोडवण्यासाठी आहे. त्याने प्रोग्राम त्या क्षणापुरता थांबतो आणि उद्या सकाळी पुन्हा हजर होतो. कित्येक सेवा तर बंद पडल्यास आपोआप पुन्हा सुरू व्हाव्यात अशाच लावलेल्या असतात. त्या लगेच परततात आणि परतताना पुन्हा डिस्क वाचतात. काही प्रोसेस मुकाट्याने बंद होतात, पण त्यांच्याबरोबर काय बंद पडले ते तासाभराने कळते. ‘प्रिंट स्पूलर’ बंद केला की छपाई थांबते. ‘सीटीएफ लोडर’ हे नाव कोणालाही संशयास्पद वाटेल. परंतु भाषा बदलून टंकलेखन करण्याची व्यवस्था तो सांभाळतो, तेव्हा मराठीत टाइप करणाऱ्यांनी तर त्याला अजिबात हात लावू नये. सहीच्या प्रोग्रामचे काय झाले ते तुम्ही अनुभवलेच आहे. तो पोर्टल आणि टोकन यांच्यामध्ये दुवा म्हणून मागे बसलेला असतो, त्याची खिडकी दिसत नाही, आणि पोर्टलने सही मागितली तरच तो जागा होतो. टॅलीच्या परवान्याशी संबंधित सेवाही अशीच गुपचूप बसलेली असते. नाव अनोळखी असणे आणि प्रोग्राम निरुपयोगी असणे यांचा काहीही संबंध नाही. म्हणून कोणतेही नाव बंद करण्याआधी त्यावर उजवे क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून तो प्रोग्राम कोणाचा, हे बहुतेक वेळा लगेच कळते.

प्रोग्राम थांबवायचाच असेल, तर तो जिथून सुरू होतो तिथे थांबवावा. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप ॲप्स’ हे पान आहे. लॅपटॉप सुरू होताना आपणहून उघडणारे प्रोग्राम तिथे दिसतात आणि प्रत्येकापुढे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ म्हणजे सुरुवातीच्या वेळेवरचा भार जास्त, मध्यम की कमी ते लिहिलेले असते. जास्त भाराची नावे आधी पाहा. गाणी ऐकण्याचा प्रोग्राम, मीटिंगचे प्रोग्राम, प्रिंटरच्या कंपनीने दिलेला शाईची पातळी दाखवणारा प्रोग्राम, फोन जोडण्याचे साधन, लॅपटॉप कंपनीची जाहिरातवजा साधने, हे सगळे निःशंकपणे ‘डिसेबल’ करावे. डिसेबल केल्याने प्रोग्राम लॅपटॉपवरून जात नाही. तुम्ही स्वतः उघडाल तेव्हा तो नेहमीसारखा चालतो, आणि चुकले असे वाटले तर त्याच जागी ‘इनेबल’ करता येते. सहीचे साधन आणि टोकनचा प्रोग्राम, टचपॅड आणि आवाजाची साधने, ‘विंडोज सिक्युरिटी’ यांना मात्र राहू द्या. वनड्राइव्हचा (इंटरनेटवर फाइली साठवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचा) निर्णय विचारपूर्वक घ्या : तुमच्या फाइलींचा तोच एकमेव बॅकअप असेल तर तो बंद करणे धोक्याचे आहे, आणि तुम्ही तो वापरतच नसाल तर त्याला रोज सकाळी उठवण्याचे कारण नाही. एका दिवशी दोन-तीनच नावे बंद करा आणि पुढचे दोन दिवस काम करून पाहा, म्हणजे काही अडले तर कशामुळे अडले ते शोधता येईल.

क्रोमच्या सेटिंगमधल्या ‘सिस्टम’ या भागात, क्रोम बंद केल्यानंतरही मागचे ॲप चालू ठेवण्याचा एक पर्याय असतो. तो बंद करा. एज हा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर वापरत नसाल, तरी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करावे, कारण त्या सोयीमुळे तो न उघडताही मागे तयार राहतो. क्रोमच्या ‘परफॉर्मन्स’ भागातला ‘मेमरी सेव्हर’ चालू केला की वापरात नसलेले टॅब रॅम सोडून देतात. पण पोर्टलवर अर्धवट भरलेला फॉर्म उघडा असेल तर ते पान अपवादांच्या यादीत घाला. कोणते एक्स्टेन्शन किती रॅम घेते हे पाहायचे असेल, तर क्रोम उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो.

काही प्रोग्राम या यादीत न येता ‘सर्व्हिसेस’ किंवा ‘टास्क शेड्युलर’ या मार्गांनी सुरू होतात. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन आहे. मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञ मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातले हे साधन आपोआप सुरू होणारे सर्व काही एका ठिकाणी दाखवते, आणि त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवता येतात. तुमच्या भाच्याला हौस आहे तर हे काम त्याच्याकडे द्या, पण एका अटीवर : नोंदीपुढची खूण काढायची, नोंद पुसायची नाही.

दहा-अकरा तारखेच्या त्रासाला एक वेगळे कारण असावे. मायक्रोसॉफ्टची मुख्य मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आणि वेळेच्या फरकामुळे आपल्याकडे ती मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पोहोचतात. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ या तारखांमध्येच येतो आणि मासिक जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाच्या रिटर्नची) शेवटची तारीख आहे ११. म्हणजे तुमच्या घाईच्या दिवसांत कित्येकदा लॅपटॉप मागे अपडेट उतरवून घेत असतो, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ ती बसवत असतो आणि ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ नव्या फाइली तपासत असतो. ही प्रोसेस बळेच बंद करणे म्हणजे अपडेट अर्धवट ठेवून तेच काम पुन्हा ओढवून घेणे. त्यापेक्षा सेटिंगमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन ७ तारखेच्या सुमारास एका आठवड्यासाठी ‘पॉज’ करा आणि रिटर्न भरून झाले की एका रात्री चार्जर लावून, लॅपटॉप चालू ठेवून, सगळी अपडेट पूर्ण होऊ द्या. अपडेट कायमची बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. तुमच्या लॅपटॉपवर इतरांची आर्थिक माहिती आहे.

‘मी तर रोज रात्री शटडाउन करते,’ असे तुम्ही लिहिले आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते आणि ती सहसा चालूच असते. तिच्यामुळे शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जतन होतो आणि सकाळी तसाच उचलला जातो. टास्क मॅनेजरच्या सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसण्याची शक्यता आहे. रिस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. आठवड्यातून एकदा, आणि ११ व २० तारखेच्या आदल्या रात्री न चुकता, रिस्टार्ट करत जा.

खरोखरच घातक असे काही मागे चालू असण्याची शक्यताही तपासून घ्यावी, विशेषतः तुम्ही अनोळखी ठिकाणचा बूस्टर उतरवला होता म्हणून. काहीही उघडलेले नसताना पंखा सतत जोरात फिरणे, सीपीयू बराच वेळ वर राहणे, किंवा टास्क मॅनेजर उघडताच तो आकडा अचानक खाली येणे, ही लक्षणे दिसली तर दुसऱ्याच्या संगणकावर आभासी चलन तयार करणाऱ्या प्रोग्रामचा संशय घ्यावा. त्यांतले काही टास्क मॅनेजर उघडल्याचे ओळखून दबून बसतात. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ हा पर्याय आहे. तो लॅपटॉप रिस्टार्ट करून, विंडोज सुरू होण्याआधीच, तपासणी करतो आणि त्याला साधारण पाव तास लागतो. लक्षणे नसली तरी तुम्ही तो एकदा चालवाच.

राहिला दुकानदाराचा सल्ला. फॉरमॅट केल्यावर काही आठवडे हलके वाटेल, परंतु डिस्क तीच, रॅम तीच आणि परत टाकायचे प्रोग्रामही तेच, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा इथेच याल. शिवाय टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटर आणि टॅलीचा परवाना हे सगळे नव्याने लावावे लागेल. तरीही फॉरमॅट करण्याची वेळ आलीच तर टॅलीचा परवाना आधी ‘सरेंडर’ (म्हणजे कंपनीकडे परत जमा) करायला विसरू नका. नवा लॅपटॉप घेणे परवडत असेल तर वाईट नाही, पण आज त्याची गरज आहे असे मला वाटत नाही. माझे मत असे की आधी वर सांगितलेली स्टार्टअपची आवराआवर फुकटात करून पाहावी, आणि वहीतल्या नोंदींत डिस्क आणि मेमरी हीच नावे पुनःपुन्हा आली तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी आणि रॅम ८ जीबी करावी. दोहोंपैकी एकच शक्य असेल तर आधी एसएसडी.

दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः पाहून ठेवा. ‘परफॉर्मन्स’ पानावर मेमरीच्या खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेले असते; दोनपैकी एकच वापरात असेल तर जुनी रॅम तशीच ठेवून दुसरी घालता येते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, म्हणून दुकानदाराला मॉडेल सांगून आधीच विचारून घ्या. आणि डिस्कच्या नावाखाली एचडीडी (हार्ड डिस्क) लिहिले आहे की एसएसडी, तेही पाहा. एसएसडी बसवताना जुन्या डिस्कवरची सगळी व्यवस्था जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून घेता येते, त्याला दुकानदार क्लोनिंग म्हणतात. तसेच करून मागा, म्हणजे सहीचे साधन आणि टॅली बहुधा पुन्हा घालावे लागणार नाहीत. हे काम २० तारीख उलटल्यावर, पुढच्या ११ तारखेच्या बरेच आधी करा, आणि लॅपटॉप दुकानात देण्यापूर्वी टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का ते तपासा. काढलेली जुनी हार्ड डिस्क दुकानात ठेवून येऊ नका, तिच्यावर तुमच्या पक्षकारांची माहिती आहे. ती यूएसबीने जोडता येईल अशा केसमध्ये बसवून मागा, आणि डिस्क धडधाकट असेल तर आठवड्याचा बॅकअप तिच्यावर घेत जा.